त्या तापाचे काय? गोव्यातील बालरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील सर्व बालरोगतज्ज्ञ, आणि आरोग्य संचालनालयात माता-बाल आरोग्याचे काम पाहणारे अधिकारी

स. न. वि. वि.

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाचे आईबाप तुमच्यासमोर बसले की एक प्रश्न हटकून निघतो. "चौदा महिन्यांचा असताना त्याला मोठा ताप आला होता, त्यानंतर त्याने 'आई' म्हणणे सोडले. त्यामुळे झाले का?" "मला सातव्या महिन्यात डेंग्यू झाला होता." "कोविडच्या वेळी मी गरोदर होते." आमच्या सत्तरीतला माणूस गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे विचारतो. कोणी आवाज खाली आणून लसीचे विचारतो. सगळ्यांना जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की एखाद्या विषाणूमुळे आमचे मूल असे झाले का?

उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. "तसा काही संबंध नाही. कारण शोधत बसू नका, थेरपी सुरू करा."

मी सत्तरी तालुक्यात राहते आणि माझ्या मुलाला ऑटिझम आहे. मुले थेरपीसाठी आत गेली की बाहेरच्या बाकावर डिचोलीचे, पेडण्याचे, फोंड्याचे पालक भेटतात, आणि आमचे बोलणे फिरून फिरून इथेच येते. त्यांच्यातल्या अनेकांच्या आग्रहावरून हे पत्र लिहीत आहे. थेरपीचा तुमचा सल्ला बरोबर आहे, त्यात दिरंगाई नको हेही आम्हाला पटते. पण आमच्या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर आहे. ते लांबलचक आहे, काही ठिकाणी अर्धे आहे, तरी आहे. ते आम्हाला पूर्ण सांगा, एवढीच या पत्रातली मागणी.

कारण कळून काय करणार, असे तुम्ही विचाराल. दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या जोडप्याला ते हवे असते. ज्या बाईची धाकटी बहीण गरोदर आहे तिला हवे असते. आणि घरात ज्या आईकडे सगळे बोट दाखवतात तिला तर ते सर्वांत आधी हवे असते. "भर पावसात शेतात जाऊ नको म्हणून सांगितले होते तुला," हे वाक्य आमच्यापैकी किती जणींनी ऐकले आहे! देवाला कौल लावून होतो, दिश्ट काढून होते, आणि तरी दोष त्या बाईच्या पदरातून सुटत नाही. तुमच्या तोंडून आलेली दहा मिनिटांची माहिती त्या घरात फार मोठे काम करू शकते.

"काही संबंध नाही" या वाक्याने तुम्ही धीर देऊ पाहता, हे कळते. पण ते पूर्ण खरे नाही. आई घरी जाऊन मोबाइलवर त्याच्या उलट काहीतरी वाचते, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही तिचा विश्वास उडतो. म्हणून जे पक्के माहीत आहे तिथून सुरुवात करा, असे मी म्हणते. ते आहे रुबेला.

१९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग यांच्या लक्षात आले, की जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, येऊन गेला होता. आईला दोन-तीन दिवस किरकोळ ताप आणि अंगावर पुरळ. बाळाच्या मात्र डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर कायमचा घाव. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची प्रचंड साथ आली आणि सुमारे २० हजार बाळे हा जन्मजात आजार घेऊन जन्मली. न्यू यॉर्कमध्ये स्टेला चेस या बालमनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्यांतल्या २४३ मुलांचा पाठपुरावा केला. १९७१ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले त्यात १० मुलांमध्ये ऑटिझमची पूर्ण लक्षणे होती आणि आणखी ८ मुलांमध्ये अंशतः. त्या काळात दहा हजार मुलांमागे चार-पाच जणांना ऑटिझम असतो असे धरत. त्याच्यापुढे २४३ मध्ये १८!

हा अभ्यास मला दुसऱ्या एका कारणासाठीही मोलाचा वाटतो. आई थंड वागते, मुलाला जवळ घेत नाही, म्हणून मूल स्वमग्न होते, असे त्या काळात नावाजलेले डॉक्टर उघड सांगत. गर्भातच मेंदूवर झालेल्या आघाताने ऑटिझम दिसू शकतो, हे रुबेलाच्या मुलांनी दाखवून दिले. आईच्या मायेवर घेतलेला आळ त्यामुळे खूप सैल झाला.

तेव्हा विषाणू आणि ऑटिझम यांचा संबंध निदान एका आजारात तरी चांगलाच प्रस्थापित आहे, आणि त्या आजारावर लस आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत कर्नाटक, तामिळनाडू, पुद्दुचेरी आणि लक्षद्वीप यांच्या जोडीला आपला गोवा होता. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना ती लस दिली गेली. त्याच वेळी मोबाइलवर निरोप फिरत होते की या लसीने ऑटिझम होतो. जी लस ऑटिझमचे एक ठाऊक कारण दूर ठेवते, तिलाच लोक ऑटिझमसाठी भीत होते, आणि अजून भितात. हे त्यांना इतक्या सरळ शब्दांत तुम्ही सांगितलेले मी कुठे ऐकले नाही.

लसीची भीती कुठून आली तेही सांगितले पाहिजे, नाहीतर ती जात नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने गोवर-गालगुंड-रुबेला या एकत्रित लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये जो अभ्यास आला, त्यात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ज्यांच्या भावाबहिणीला आधीच ऑटिझम होता त्या मुलांतही नाही. जपानने १९९३ मध्ये ती एकत्रित लस देणे थांबवले, तरी योकोहामा शहरात ऑटिझमचे निदान वाढतच गेले. एवढे ऐकल्यावर बहुतेक पालकांची शंका फिटते. "लसीचे विचारूच नका" म्हटल्यावर मात्र ती घट्ट होते.

दुसरा विषाणू सीएमव्ही, सायटोमेगॅलोव्हायरस. आपल्याकडे मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो, आणि होतो तेव्हा कळतही नाही. पोटातल्या बाळाला तो झाला तर काही बाळांना बहिरेपण येते, काहींची वाढ खुंटते, आणि अशा मुलांत ऑटिझमचे प्रमाण जास्त असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. इथे एक गोष्ट वेळेशी बांधलेली आहे. बाळाला हा विषाणू जन्माआधी झाला होता की नंतर, हे लाळेच्या किंवा लघवीच्या तपासणीतून जन्मानंतरच्या पहिल्या एकवीस दिवसांतच खात्रीने सांगता येते. तो काळ गेला की वाट जवळजवळ बंद. जन्मानंतरच्या श्रवणचाचणीत जे बाळ नापास होईल त्याची ही तपासणी त्याच आठवड्यात व्हावी, असा नियम राज्यात सगळीकडे लागू करा. ही मोठी मागणी नाही. नवजात बाळांच्या टाचेतले रक्त घेऊन आजार शोधण्याचा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू करून गोव्याने देशाला वाट दाखवली होती. इच्छा असली की आपल्या छोट्या राज्यात काय होऊ शकते हे तुम्हीच दाखवले आहे.

आता गरोदरपणातल्या तापाकडे येते, कारण आयांच्या मनात सगळ्यात खोल रुतलेला काटा हाच आहे.

डेन्मार्कमध्ये १९८० ते २००५ या काळात जन्मलेल्या १६ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात इस्पितळात दाखल व्हावे लागलेले गरोदरपणातले सगळे संसर्ग एकत्र धरले तर ऑटिझमशी संबंध दिसला नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत विषाणूसंसर्गामुळे ज्या आयांना इस्पितळात दाखल व्हावे लागले होते, त्यांच्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते. मोबाइलवर आईला दिसतो तो हा "तिप्पट" शब्द, आणि तिची झोप उडते. तुम्ही तिला समोर बसवून हिशेब सांगायला हवा. शंभर मुलांमागे एकाला ऑटिझम असेल, तर तिप्पट म्हणजे शंभरात तीन. उरलेल्या सत्त्याण्णव आयांनाही तोच ताप आला होता, त्याही इस्पितळात होत्या.

शिवाय गोष्ट तिथे संपत नाही. स्वीडनमध्ये साडेपाच लाखांच्या आसपास मुलांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या संशोधकांनी एक साधी शंका घेतली: ज्या बाईला गरोदर होण्याच्या आदल्या वर्षी संसर्ग झाला होता, तिच्या मुलांचे काय? त्या वेळी तर मूल पोटातही नव्हते. तरी त्या मुलांतही ऑटिझमचे प्रमाण तेवढेच वाढलेले आढळले. मग एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एका गरोदरपणात संसर्ग आणि दुसऱ्यात नाही. तेव्हा ऑटिझमशी असलेला संबंध उरला नाही. म्हणजे तापाने ऑटिझम झाला यापेक्षा, ज्या कुटुंबांत ऑटिझमची आनुवंशिक प्रवृत्ती असते त्या कुटुंबांत संसर्गही जरा जास्त होत असावेत, अशी शक्यता पुढे येते. पाच देशांतल्या वीस लाख मुलांवरून २०१९ मध्ये निघालेला अंदाज आहे की ऑटिझम होण्यातला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो.

प्रयोगशाळेतल्या उंदरांचे निकाल मात्र दुसरीकडे बोट दाखवतात. कॅलिफोर्नियात पॉल पॅटरसन यांच्या गटाने गाभण उंदरांच्या शरीरात विषाणू न घालता, विषाणूशी लढताना शरीरात जी खळबळ होते तेवढीच निर्माण केली, तरी पिल्लांच्या वागण्यात बदल दिसले. इंटरल्यूकिन-६ नावाचे द्रव्य त्यात महत्त्वाचे असल्याचे त्यांनी २००७ मध्ये दाखवले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्हालाही कळते. पण "अभ्यास चालू आहे, दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत, आणि एखाद्या आईच्या एका तापावर बोट ठेवता येईल असे काहीही नाही" हे ऐकण्याची ताकद आमच्यात आहे. कोविडबद्दलही असेच सांगता येईल. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून १८ हजारांवर जन्मांचा अभ्यास आला, त्यात गरोदरपणी कोविड झालेल्या आयांच्या मुलांत तीन वर्षे वयापर्यंत बोलण्यातल्या आणि हालचालीतल्या उशिराचे व ऑटिझमचे निदान अधिक होते. पण डेन्मार्कच्या आकड्यांना जी सावधगिरी लागू, तीच इथेही. त्या आकड्यांना भावंडांच्या तुलनेची कसोटी लागायची आहे.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण हल्ली गरोदर मुली ती फार विचारतात. पॅरासिटामॉलने ऑटिझम होतो हे अमेरिकेतून मोठ्या आवाजात सांगितले गेल्यापासून त्या ताप अंगावर काढू लागल्या आहेत. स्वीडनमध्ये जवळजवळ २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये भावंडांची तुलना झाली, तेव्हा तो संबंध दिसला नाही. चढलेला ताप तसाच ठेवणे गर्भाला धोक्याचे आहे, हे प्रत्येक आरोग्यकेंद्रात प्रसूतिपूर्व तपासणीच्या दिवशी सांगितले जावे.

मग येते मुलाचे स्वतःचे आजारपण. "ताप आला आणि बोलणे गेले." आमच्या बाकावरच्या जवळपास प्रत्येक तिसऱ्या घराची ही कहाणी आहे, आणि ऑटिझममध्ये आलेली बोली किंवा नजर मावळते हे पुस्तकांतही लिहिलेले आहे. पण लहान मूल वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-तापाने आजारी पडते. आपल्या पावसाळ्यात तर बालवाडीत एक खोकला की आठवड्यात सगळा वर्ग. बोलणे मावळण्याचे वय दीड वर्षाच्या आसपासचे. त्या दिवसांत मागे वळून पाहिले तर कोणता ना कोणता ताप सापडणारच. कॅलिफोर्नियातल्या सॅली ओझोनॉफ यांच्या गटाने बाळांना सहाव्या महिन्यापासून ठराविक अंतराने पाहिले आणि २०१० मध्ये लिहिले, की पुढे ऑटिझम ठरलेल्या बऱ्याच बाळांत डोळ्यांत पाहणे, हसून प्रतिसाद देणे हे पहिल्या वाढदिवसाच्या आधीपासून हळूहळू कमी होत गेले होते, आणि त्यांच्याजवळ राहणाऱ्या आईबापांनाही ते जाणवले नव्हते. घरातले बारशाचे, चतुर्थीचे, पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ आईबापांबरोबर बसून पाहा. ताप येण्याच्या आधीचे मूल त्यांना त्यात दिसेल, आणि मनातली गाठ सुटायला मदत होईल.

तरी काही मुलांत तो ताप खरोखरच कारण असतो, आणि "काही संबंध नाही" या उत्तराचा मला राग आहे तो मुख्यतः या मुलांसाठी. हर्पिस विषाणूने मेंदूला सूज आल्यानंतर ऑटिझमसारखे चित्र उभे राहिल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. स्वीडनचे ख्रिस्तोफर गिलबर्ग यांनी १९८६ मध्ये नोंदवलेली मुलगी तर चौदा वर्षांची होती, तोवर तिची वाढ व्यवस्थित होती. २००७ मध्ये एनएमडीए नावाच्या मेंदूतल्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर, शरीराचीच प्रतिद्रव्ये हल्ला करतात असा आजार ओळखला गेला. त्यात चांगले बोलणारे मूल काही दिवसांत गप्प होते, विचित्र वागते, झटके येतात. आणि त्याच्यावर उपचार आहेत. मुलाने तीन वर्षांनंतर एकाएकी बोलणे सोडले असेल, तापात आकडी आली असेल, शुद्ध हरपली असेल, चालणेही बिघडले असेल, झोपेत झटके येत असतील, तर "ऑटिझम" लिहून थेरपीला पाठवणे पुरेसे नाही. त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पोचवा, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) काढा, गरज पडल्यास पाठीतले पाणी तपासा. कोणत्या मुलात हे बघायचे आणि कोणत्यात नाही, ही रेघ तुम्हाला माहीत आहे. ती आम्हालाही दाखवा, म्हणजे वाळपईहून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात धावायचे कधी, ते आम्ही ठरवू शकू.

माकडतापाचे विचारणाऱ्या माणसाला हसू नका. २०१५ पासून सत्तरीने हा ताप पाहिला आहे. काजूच्या हंगामात बागायतीत जाणारी माणसे, त्यांच्याबरोबर जाणारी पोरे, गोचिडी, आणि मग ताप. काहींमध्ये तो उतरून पुन्हा चढतो आणि तेव्हा मेंदूपर्यंत जातो. माकडतापाने ऑटिझम होतो असे मी कुठेही वाचलेले नाही आणि तसे म्हणायचेही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. माकडताप असो, डेंग्यू असो की दुसरा कोणता मेंदूज्वर, ज्या मुलाच्या मेंदूपर्यंत आजार पोचला ते इस्पितळातून घरी गेल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने त्याचे बोलणे, खेळणे, ऐकणे कोणी तपासते का? आमच्या ओळखीतल्या एकाही घरी तसा फोन आलेला नाही.

आणि या मागणीला आधार आपल्याच मातीतला आहे. भारतातल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमधील मेंदूविकासाच्या अडचणी मोजणारा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी देशातली पाच ठिकाणे निवडली होती: पलवल, कांगडा, धेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा. ३,९६४ मुले तपासली. सहा वर्षांखालच्या मुलांत ९.२ टक्के आणि त्यावरच्या मुलांत १३.६ टक्के जणांना ऑटिझम, फिट्स, बहिरेपण, बौद्धिक अक्षमता अशांपैकी किमान एक अडचण होती. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत जन्मताना गुदमरणे, कमी वजन, यांच्याबरोबर जन्मानंतर झालेला मेंदूचा संसर्गही होता. आमच्याच गावांतल्या मुलांनी जगाला ही माहिती दिली. त्या गावांत ती परत कोणी नेऊन सांगितली नाही. पालकांना शिकवून घरच्या घरी संवाद वाढवण्याची जी पद्धत गोव्यातल्या 'संगत' संस्थेने आणि रावळपिंडीतल्या डॉक्टरांनी मिळून तपासली, तिचा निकाल २०१५ मध्ये 'लॅन्सेट'च्या मानसोपचार पत्रिकेत आला. त्यात तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते ही पद्धत आईबापांना शिकवत. सत्तरी, काणकोण, सांगे या तालुक्यांना याहून उपयोगी काय असेल?

तुम्ही बोलला नाहीत की त्या जागी कोण बोलते, हेही सांगणे भाग आहे. चार वर्षांच्या मुलाची 'टॉर्च' तपासणी, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी, करायला लावतात. अहवालात सीएमव्ही, रुबेला, हर्पिस यांच्यापुढे 'आयजीजी पॉझिटिव्ह' येते, म्हणजे पूर्वीच्या संसर्गाची किंवा लसीची प्रतिद्रव्ये रक्तात आहेत एवढेच. आईबाप हादरतात. रुबेलाची आयजीजी तर लस घेतलेल्या मुलात असायलाच हवी, ती लसीचीच खूण. सीएमव्हीची आपल्याकडे बहुतेकांत असते. त्या कागदावरून ऑटिझमचे कारण कळत नाही. पण त्याच कागदावर विषाणू "काढून टाकण्याची" महागडी औषधे, शरीर "शुद्ध" करणारे थेंब, आणि शेवटी मूळपेशींची (स्टेम सेलची) सुई विकली जाते. एका खाजगी दवाखान्यात आमच्या ओळखीच्या कुटुंबाला हे सगळे ओळीने सांगितले गेले, आणि त्यांनी त्यासाठी सोने गहाण ठेवले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांखेरीज मूळपेशींचा वापर उपचार म्हणून करता येत नाही, मान्य चाचणीतच करता येतो. त्या कुटुंबाला हे आधी कळले असते तर! हे दुकान तुमच्या मौनावर चालते, म्हणून याबद्दल तुम्ही गप्प राहू नये.

आणखी एक निरीक्षण तुमच्यापुढे ठेवते, कारण ते सांगितल्यावर कोणी लिहून घेत नाही. आमच्यातल्या काही मुलांची वागणूक ताप आला की सुधारते. एरवी नजर न देणारा मुलगा अंगात ताप असताना डोळ्यांत पाहून पाणी मागतो, मांडीवर येऊन बसतो, कधी विसरलेला शब्द बोलतो. ताप उतरला की ते जाते. आम्ही हे एकमेकांना सांगितले तेव्हा कळले की हे एकाच घरातले नाही. बाल्टिमोरच्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० मुलांच्या तापाआधीच्या, तापातल्या आणि नंतरच्या वागण्याची पालकांकडून नोंद घेतली, आणि चिडचिड, तेच ते करणे, अतिचंचलता यांत तापाच्या दिवसांत फरक पडल्याचे छापले. त्यानंतर प्रयोगशाळांत यामागची रसायने शोधण्याचे काम चालू झाले. म्हणजे आईबापांचे म्हणणे एका डॉक्टराने लिहून घेतले आणि त्यातून विज्ञानाचा एक प्रश्न उभा राहिला. गोव्यातही असे लिहून घेणारी वही हवी आहे. आमच्या मुलांच्या फाइलमध्ये तापाचा, संसर्गाचा, आकडीचा एक रकाना असू दे. आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर गरोदरपणातल्या प्रत्येक तापाची तारीख आणि कारण लिहिले जाऊ दे, म्हणजे पाच वर्षांनी ती आठवणीवर आणि अपराधी मनावर विसंबून राहणार नाही.

यातले बरेचसे काम फार खर्चाचे नाही. मराठीत, देवनागरी कोंकणीत आणि रोमी कोंकणीत दोन पानांचे पत्रक काढा: रुबेला आणि त्याची लस, सीएमव्ही आणि ते एकवीस दिवस, गरोदरपणातला ताप, मुलाच्या तापानंतर कधी धावायचे, कोणत्या तपासण्या निरुपयोगी आणि कोणते उपचार बेकायदा. साखळी, वाळपई, पेडणे, केपे, काणकोण इथल्या सरकारी दवाखान्यांत ते आशाताईंच्या हातात असावे. ज्या तरुणींना लहानपणी रुबेलाची लस मिळाली की नाही याची खात्री नाही, त्यांना लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी ती मिळावी. गरोदरपणात ती देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर थांबायचे असते, हेही त्यांना सांगितले जावे. मेंदूज्वरातून बरे झालेल्या प्रत्येक मुलाची वर्षभरात विकासतपासणी ठरवून व्हावी. आणि ऑटिझमचे निदान सांगायच्या दिवशी त्या कुटुंबासाठी घड्याळाकडे न पाहता वेळ काढा. त्या वेळी बापालाही खोलीत बोलवा, सासूबाई आल्या असतील तर त्यांनाही, आणि सगळ्यांसमोर आईला सांगा की तिच्या हातून काही झालेले नाही. आम्ही ते घरी जाऊन सांगितले तर कोणी मानत नाही. डॉक्टरांनी सांगितले की मानतात.

पत्रकाचा मराठी मसुदा आम्ही काही पालकांनी लिहायला घेतला आहे. आमच्यात शिक्षक आहेत, एक नर्स आहे, भाषांतर करणारे आहेत. तो तपासून द्यायला तुमच्यापैकी दोघे-तिघे पुढे आले तर चतुर्थीच्या सुट्टीआधी तो छापता येईल. आणि तुमच्या पुढच्या बैठकीत आम्हाला अर्धा तास मिळाला तर मुलांच्या फाइली घेऊन आम्ही येऊ.

आपली नम्र,
सत्तरी तालुक्यातील एक आई
(डिचोली, पेडणे आणि फोंडा येथील पालकांच्या वतीने)